पौर्णिमाचा उजवा हात

“हात सैल सोड माय, बाकीचं बांगडी पाह्यते.”

सरवरीबी हे दर गिऱ्हाइकाला म्हणायची. म्हातारीला म्हणायची, शाळेतल्या पोरीला म्हणायची, आणि इतक्या वर्षांत एकदाही तिनं ते घाईत म्हटलेलं मी ऐकलं नाही. मी ऐकत होते, कारण माझं दुकान तिच्या पथारीच्या बरोब्बर समोर. तिचा आवाज कानी पडू नये असं मला फार वाटायचं, आणि ती कुणाशी काय बोलते ते ऐकल्याशिवाय माझा बाजाराचा दिवस जायचाही नाही.

आम्ही कासार. मेडशीच्या बाजारातलं बांगड्यांचं दुकान आधी माझ्या सासूचं, मग माझं. सासूनं मला हात धरून शिकवलं होतं: अंगठा तळव्यात मुडपायचा, बोटांची मुळं आवळायची, आणि एका दमात बांगडी मनगटावर. चहा निवायच्या आत मी डझनभर भरत असे. आसपासच्या खेड्यांत कुणाचं लग्न ठरलं की पाहुण्यांच्या आधी मला निरोप यायचा. दुर्गाबाईचा हात म्हणजे हात, असं बायका म्हणत. मलाही ते खोटं वाटत नव्हतं.

सरवरीबी पहिल्यांदा आली त्या दिवशी मी हसले होते, हे आधीच सांगून टाकते. तिचा नवरा हबीब आमच्या वाशीमकडच्या शिरपूरचा. सायकलला पेटी बांधून गावोगाव बांगड्या विकायचा. त्याला लकव्याचा झटका आला, उजवं अंग गेलं, आणि चार बायकांत कधी तोंड न उघडलेली ही बाई त्याची पेटी डोक्यावर घेऊन, मालेगावला गाडी बदलून मेडशीला उतरली. माझ्या दुकानासमोर मोकळी जागा होती, तिथं तिनं पोतं अंथरलं. बसली ती अंग चोरून. नजर पोत्यावर, आवाज घशातच.

पहिलं गिऱ्हाईक आलं आणि तिचे हात लटलट कापायला लागले. डझनातल्या पाच बांगड्या गेल्या. भरताना बांगडी फुटली तर नुकसान बांगड्या भरून देणारीचं, हा आमच्या धंद्याचा रिवाज. आणि फुटली असं तोंडानं म्हणतही नाहीत, वाढली म्हणतात. मी दुकानातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “बाई, आज तं तुमच्या लयच वाढल्या.” बायका हसल्या. तिनं वर पाहिलं नाही. एकेक काच वेचली, बिस्किटाच्या डब्यात टाकली आणि दुसऱ्या बाईचा हात हातात घेतला.

मला वाटलं, ही पुढच्या बाजारी काही येत नाही. ती आली. त्याच्या पुढच्याही बाजारी आली.

महिन्याभरात माझ्या लक्षात आलं, बांगडी भरताना हिचे ओठ हलतात. एकदा बाजार पातळ होता, मी तिला चहाला बोलावलं आणि कोणता मंतर म्हणता ते विचारलं. ती पहिल्यांदाच हसली.

“मंतर कायचा बाई. मी माह्या हाताले सांगून राह्यली, हात सैल सोड म्हणून. भेव माह्याच हातात हाये. मंग ते समोरच्या हाताले कळते.”

हबीबनं तिला हे घरी सांगितलं होतं, आपल्या चालत्या डाव्या हातानं तिचा हात धरून. रोज सकाळी स्वयंपाकाआधी ती डोळे मिटून स्वतःच्याच हातात बांगड्या भरायची, काढायची, पुन्हा भरायची. हे सारं तिनं मला असं सांगितलं की जणू मी तिची मोठी बहीण. “चांगलं आहे,” असं मी म्हटलं आणि आत जाऊन साखरेचा डबा फळीवर उगाच आपटला. मला माझ्या हाताला कधी काही सांगावं लागलं नव्हतं. कुणी माझ्या हाताला सांगितलंही नव्हतं, शिकवलं होतं तेवढंच. ह्या दोहोंत काही फरक असेल हे तेव्हा माझ्या ध्यानी आलं नाही.

दोनेक वर्षांत तिचा हात बसला. मग जे ती स्वतःला म्हणायची ते मोठ्यानं गिऱ्हाइकाला म्हणू लागली. सोयाबीनच्या सोंगणीनंतर बायका येत, तेव्हा त्यांच्या हातांना विळ्याचे घट्टे असत, बोटांची पेरं सुजलेली असत. मी म्हणायची, हात आहे का बाभळीचं लाकूड? बायका हसत, पण हात थोडा मागे घेत. सरवरीबी तोच हात दोन्ही तळव्यांत नुसता धरून बसायची. काय रांधलं विचारायची, तूर कशी आहे विचारायची. हात ऊन झाला की बांगडी कधी चढली ते त्या बाईलाही कळायचं नाही. तिची एक बाई होईस्तोवर माझ्या तीन होत. तरी तिच्यापुढं रांग असायची आणि माझ्या बाकड्यावर जागा.

मी काय काय केलं ते सांगते. गिऱ्हाइकांसाठी टांगलेला आरसा मी तिरपा केला. बायकांना वाटे, उजेड पडावा म्हणून. तो मला तिची पथारी दिसावी म्हणून होता. तिचा माल पातळ काचेचा आहे, असं दोन-तीन जणींच्या कानात घातलं. एका बाजारी तर ती यायच्या आधी तिच्या जागेवर माझी रिकामी खोकी नेऊन मांडली. ती आली, खोक्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सलाम केला आणि वीस पावलं पलीकडे कडुलिंबाखाली पोतं टाकलं. तिथं सावली होती. त्या दिवशी तिच्याकडे दुप्पट बायका बसल्या. पुढच्या बाजारी मी खोकी गुपचूप उचलली.

आता पौर्णिमाची गोष्ट. माझ्या गल्लीच्या टोकाला भागिरथाबाईचं घर. ही तिची एकुलती लेक. लहानपणी पोत्यांच्या थप्पीवरून पडली, उजवं मनगट मोडलं, आणि ते बांधणाऱ्यानं वाकडंच बांधलं. बारा वर्षांची असेल, तेव्हा हिरव्या बांगड्यांसाठी माझ्या दुकानात आली. मी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तिचा हात सोडून दिला आणि म्हटलं, हा हात वाकडा बसला, याच्यात काचेची बांगडी जायची नाही, एखादं उघडून घालायचं पेचाचं कडं घे. दुकान भरलेलं होतं. पोरीनं हात ओढणीत घेतला. त्यानंतर बरेच दिवस तो हात ओढणीबाहेर मी पाहिला नाही. शाळेत जातानाही नाही.

एका बाजारी आरशात मला ती सरवरीबीपुढं बसलेली दिसली. त्या दिवशी बांगडी गेली नाही. सरवरीबीनं मोठ्यात मोठ्या मापाची एक बांगडी बोटांच्या मुळांपर्यंत नेली आणि परत काढली. “आज इथंवर आली,” ती म्हणाली, “मागं इथंवरबी येत नव्हती म्हनते ना तू.” पुढच्या बाजारी पोर पुन्हा आली. दर बाजारी तेच. कधी जरा पुढं, कधी जरा मागं. पेरं चोळायची, बोलायची, पुन्हा प्रयत्न. मोठं माप चढलं की त्याच्या खालचं. चार महिन्यांनी पौर्णिमा तिच्या खऱ्या मापाच्या सहा हिरव्या बांगड्या घालून, बाही कोपरापर्यंत चढवून, माझ्या दुकानासमोरून गेली. मुद्दाम गेली की रस्ताच तो होता, कोण जाणे. मला मात्र त्या बांगड्यांचा आवाज दुपारभर कानात राहिला.

ती पोर पुढं शिकली. वाशीमला एका दवाखान्यात खिडकीवर बसते, नावं लिहिते, उजव्याच हातानं. यंदा तिचं लग्न ठरलं.

भागिरथाबाई माझ्याकडे आली, उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, “पोरगी म्हणते सरवरीबीच पायजे. पन गल्लीत तुमी असून मी तुमाले कशी टाळू? दोघीबी या, बाई.”

माझ्याच गल्लीतलं लग्न, आणि मला वाटणीनं बोलावणं. नाही म्हणावं असं जिभेवर आलं. पण गेले नसते तर दुर्गाबाईचा हात थकला असं दुसऱ्या दिवशी बाजारात झालं असतं. आणि जाऊन माझ्या हातून नीट भरलं गेलं नसतं, तर मेडशीत बांगड्यांचं नाव निघालं की आधी सरवरीबी, मग मी. हेच त्या दिवशी पणाला लागलं होतं. मला पुरतं ठाऊक होतं.

घर बायकांनी भरलं होतं. भिंतीवरच्या तसबिरींना ताजे हार होते, पाटावर पौर्णिमा. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सरवरीबी. तिनं माझ्यासाठी गादी सरकवली आणि विचारलं, “तुमी मोठ्या. कोनता हात घेता?”

डावा सरळ होता. डावा घेतला असता तर चहा निवायच्या आत झाला असता.

“उजवा,” मी म्हणाले.

तिनं चार महिने लावून जे केलं, ते मी एका बैठकीत करून दाखवणार होते. पौर्णिमाचा हात माझ्या हातात आला आणि लगेच ताठ झाला. त्या हाताला माझी बोटं आठवत होती. मी अंगठा मुडपला, मुळं आवळली आणि एका दमात लावली. पहिली बांगडी गेली. मनगटावर नव्हे, दोन तुकड्यांत. दुसरीही गेली. पोरीच्या अंगठ्यापाशी रक्ताचा एक ठिपका उभा राहिला. लग्नाच्या बांगड्या वाढणं अशुभ, बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. भागिरथाबाईनं पदर तोंडाशी नेला. सरवरीबीच्या बाजूला चार बांगड्या चढून झाल्या होत्या.

तिनं पाचवी खाली ठेवली. मला वाटलं, आता ही उठेल, इकडे येईल आणि हा हातही घेईल. मनातून मी तो देऊनही टाकला होता. ती उठली, माझ्या शेजारी येऊन बसली. पण तिनं पौर्णिमाचा हात धरला नाही, माझा धरला. दोन्ही तळव्यांत, सोंगणीच्या बाईचा धरावा तसा. इतकी वर्षं मी ते धरणं आरशात पाहत होते. तिचे तळवे खरबरीत होते आणि ऊन होते. माझा हात कापत होता, हे मला तिच्या हातात गेल्यावर कळलं.

“हात सैल सोडा, दुर्गाबाई,” ती म्हणाली. इतक्या हळू, की आम्हा तिघींपलीकडे कुणाला गेलं नसेल.

पौर्णिमानं ठिपका दुसऱ्या हातानं पुसला. “मले काई होत नाई मावशी,” ती म्हणाली. “दमानं घाला. घाई कायची हाये?”

ज्या पोरीला मी भरल्या दुकानात हात लपवायला लावला, ती मला धीर देत होती. मी तिचा हात नुसता धरून बसले. मग विचारलं, खिडकीवर दिवसाला किती माणसं येतात गं? ती सांगू लागली. एक म्हातारा रोज नाव सांगायला विसरतो आणि गावच सांगतो, हे सांगताना ती हसली, तेव्हा पहिली बांगडी मनगटावर होती. मग दुसरी. सात भरल्या. शेवटची भरताना मी ओठ हलवत होते, हे नंतर आठवलं.

बायका पुढं सरकल्या. उजवा हात धरधरून पाहू लागल्या. कुणीतरी म्हणालं, वाकडा हात असून कसा भरला, दुर्गाबाईचा हात म्हणजे हात. हेच ऐकायला मी आले होते. सरवरीबीनं डावा हात केव्हाच पुरा केला होता आणि ती खाली वाकून जमिनीवरच्या काचा वेचत होती. माझ्या फोडलेल्या बांगड्यांच्या. त्या तिनं आपल्या बिस्किटाच्या डब्यात टाकल्या. रिवाजानं त्या माझ्या होत्या. माझं चुकणंसुद्धा हिनं माझ्याजवळ राहू दिलं नाही. तिनं मला चारचौघींत लाजवलं असतं तर बरं झालं असतं. रागवायला जागा राहिली असती.

जेवून जा म्हणून भागिरथाबाईनं सरवरीबीला धरून ठेवलं, पण हबीबला जेवू घालायचं होतं, आणि मालेगावची गाडी चुकली तर पुढची शिरपूरची गाडी मिळत नव्हती. तिनं पौर्णिमाच्या गालाला हात लावला, मला सलाम केला, पेटी डोक्यावर घेतली.

मी उठून दारात आले. ती गल्लीच्या मधून चालली होती. नऊ वर्षांपूर्वी भिंतीला चिकटून चालायची, हे मला आठवलं. एक हात पेटीला, दुसरा मोकळा, चालीबरोबर हलणारा. कुणाच्या ओसरीवरून तिला हाक आली, तिनं मान न वळवता, पेटी न हलवता उत्तर दिलं. ते ऐकून ओसरीवरच्या बायका हसल्या. काय बोलली ते माझ्यापर्यंत आलं नाही, आणि आलं नाही याची मला चुटपुट लागली.

आत माझ्या कामाचं कौतुक चाललं होतं. साऱ्या बायका पौर्णिमाच्या उजव्या हाताकडे पाहत होत्या. वळणाशी पेटी दिसेनाशी होईपर्यंत सरवरीबीकडे पाहत उभी होते ती मी एकटी.