कुठेही चालणारी शाळा

आमची वहिनी फिजिओथेरपिस्ट, लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करायची. दादाची कंपनी लिफ्ट बसवते, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. म्हणून मुलांसाठी ब्रिटिश अभ्यासक्रमाची इंटरनॅशनल शाळा तिनेच हट्टाने निवडली. "कुठेही गेलो तरी पुस्तकं तीच राहतील," असं ती सगळ्यांना पटवायची.

मग दादाची बदली झाली ती नेमकी तिच्या माहेरच्या गावी. ती पूर्वी काम करायची तो दवाखाना तिला परत बोलवत होता. वहिनी हरखून गेली. पण लेक बोर्डाच्या परीक्षेच्या अभ्यासात अर्ध्यावर होती. मुख्याध्यापिका गोड आवाजात म्हणाल्या, "तिथल्या ब्रिटिश शाळेचं परीक्षा मंडळ वेगळं आहे. आता हलवलंत, तर तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल."

दादा एकटाच गेला; लेकीची परीक्षा झाली की येते, असं वहिनीने दवाखान्याला कळवलं. लेकीचा शेवटचा पेपर झाला, तेव्हा वहिनीचा मला फोन आला. "सुटले बाई एकदाची!"

तेवढ्यात मागून धाकटा भाचा ओरडला, "आई, आमच्या वर्गाचा यंदा एक वर्ष आधीच बोर्डाच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केलाय!"

वहिनीने त्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाली, "मी येत नाही म्हणून दवाखान्यात तूच सांगशील का गं? माझ्याच्याने नाही होणार."