सासूबाईंच्या पिंपापर्यंतची पावलं

एनिडआजी बालवाडीत पहिल्यांदा शिरली ती शिकवायला नव्हे, भांडायला.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या युलतारी या आदिवासी वस्तीच्या बालवाडीसाठी शहरातून पांढरीशुभ्र वाळू मागवली होती. ब्रॉनविनबाई ॲडलेडहून आलेल्या, हौशी. त्यांनी अंगणात लाकडी चौकट ठोकून घेतली, त्यात ती वाळू ओतली आणि वर छोट्या बादल्या मांडल्या. एनिडआजी सकाळभर कुंपणाबाहेर उभी राहून हा सोहळा पाहत होती. शेवटी तिला राहवेना. फाटक ढकलून ती आत आली, मागोमाग तिची सगळी कुत्री आली, आणि आजीने त्या वाळूत पाय रोवून उचलला.

"ही वाळू आहे की साखर? पाऊलच उमटत नाही! पोरांनी हिच्यात करायचं काय, लोळायचं?"

दुसरी एखादी बाई दुखावली असती. ब्रॉनविन म्हणाली, "मग तुम्हीच सांगा ना, काय करायचं."

सत्तरी गाठलेल्या बाईला असं कोणी विचारलं की ती पुन्हा घरी जात नाही. आजीचंही तेच झालं. लहानपणी इथल्याच मिशनच्या शाळेत ती आपल्या भाषेत बोलली म्हणून तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. शाळा या वस्तूबद्दल तिचं मत त्या भिंतीपाशी कायमचं ठरून गेलं होतं. आणि आता त्याच वस्तीतली शाळा तिला विचारत होती, काय करायचं! तोवर तिचा दिवस दुकानापुढच्या बाकावर जायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवण्यात. दुसऱ्या दिवशी बाक रिकामा दिसला तेव्हा लोकांना वाटलं, म्हातारी आजारी पडली.

तिने पांढरी वाळू काढायला लावली आणि कोरड्या ओढ्यातली बारीक तांबडी माती भरून आणवली. मग खेळ सुरू झाला. आधी हातांनीच पावलं काढायची: बोटं दाबून कांगारू, तीन बोटं फाकवून एमू, मुठीच्या कडेने बाळाचं पाऊल. मग खरा खेळ. सगळ्यांनी पाठ फिरवायची, एकाने मातीवरून चालून जायचं आणि वळल्यावर बाकीच्यांनी सांगायचं, कोण गेलं, घाईत होतं की रमतगमत, हातात ओझं होतं की नव्हतं. आजीचा नियम एकच होता. तो ती रोज ओरडून सांगायची, "माणूस थापा मारतो. पाऊल मारत नाही. दिसेल तेच सांगायचं!"

पोरं तयार झाली. सगळ्यांत तयार झाली आजीची नात, चार वर्षांची केशिया. ती नाक मातीला टेकवून बघायची आणि वर न बघताच नाव सांगायची. आजी तोंडाने "ठीक आहे" म्हणायची, पण दुकानापुढून जाताना हटकून थांबायची. "माझी केशिया मोटारीच्या चाकावरून ड्रायव्हर सांगते," असं दुकानात कोणी विचारलं नसतानाही सांगायची.

आता, युलतारीतल्या मोठ्या माणसांना पावलं वाचता येत नव्हती असं नाही. सगळ्यांनाच येत होती. पण मोठी माणसं वाचतात आणि गप्प बसतात. एवढ्याशा वस्तीत त्याशिवाय राहायचं कसं? पोरांना वाचायला शिकवलं, गप्प बसायला शिकवायचं राहून गेलं.

पहिला बळी दुकानदार नेव्हिल. आइस्क्रीम संपलं म्हणून तो आठवडाभर सांगत होता. पोरं दुकानाच्या मागून फिरून आली आणि भर दुकानात एकजण म्हणाला, "नेव्हिल मागच्या फ्रीजकडे जातो, मग सावलीत उकिडवा बसतो. तिथे आइस्क्रीमच्या काड्या पडल्यात." दुसरी ब्रॉनविन. डोकं दुखतंय म्हणून घरी गेली होती, दुसऱ्या दिवशी पोरांनी विचारलं, "बाई, डोकं दुखत असताना टेकडीवर कशाला चढलात? आणि वर गोल गोल कशाला फिरत होतात?" टेकडीवर फोनला रेंज मिळते आणि फोनच्या पलीकडे एक तरुण होता, हे बाईंच्या लाल कानांवरून बाकीच्यांनी वाचलं. बाई हसल्या तरी. आजीचा भाचा डेन्झिल मात्र हसला नाही. तो पहाटे हातात बूट घेऊन कोणाच्या घरून परततो, हे पोरांनी त्याच्या आईपुढेच सांगितलं होतं.

"मावशी, तुझी ही शाळा बंद कर," तो म्हणाला.

"तू पाय घरात ठेव, शाळा आपोआप बंद होईल," आजी म्हणाली.

असं ती ऐटीत म्हणाली खरी. पण तिच्याही मागच्या अंगणात एक गोष्ट होती.

गोष्ट अशी. आजीचा जावई क्लिफ्टन, लेकीचा, म्हणजे लेव्हिनाचा नवरा आणि केशियाचा बाप. वस्तीच्या रीतीप्रमाणे सासू-जावयाने एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, समोरून येताना दिसलं तर वाट सोडायची. ही मर्यादा दोघांनीही लग्नापासून काटेकोर पाळली होती. जावयाने सासूला शिकारीतला वाटा द्यायचा, त्यातही कांगारूची मांसल शेपटी, हीही रीत. आणि आजी वस्तीभर सांगत असे की जावई करंटा आहे, शेपटीचं टोकसुद्धा कधी पाठवत नाही. ऐकून भाच्यांचा जीव कळवळायचा. डेन्झिल आणि त्याचा भाऊ दर शिकारीला मावशीसाठी कांगारूची एक जाड शेपटी भाजून आणून द्यायचे.

लेव्हिना म्हणायची, "आई खोटं बोलते. तो देतो." पण बायको नवऱ्याची बाजू घेणारच, असं म्हणून लोक सोडून द्यायचे. आणि क्लिफ्टन स्वतः काय सांगणार? सासूचं नाव काढायची सोय नाही, तर तिची चहाडी कुठून करणार! तो बिचारा पहाटे आजीच्या मागच्या अंगणात यायचा, लांबूनच खाकरायचा, उपड्या पिंपावर शेपटी ठेवायचा आणि मागे न बघता निघून जायचा. आजीची कुत्री त्याला ओळखत होती. दुसऱ्या कोणाला ती त्या बाजूला फिरकू देत नसत. म्हणजे आजीला दोन्हीकडून शेपट्या होत्या, आणि वर सगळ्यांची कणव.

एक दिवस केशिया खेळता खेळता म्हणाली, "आजी, बाबा तुझ्या पिंपापाशी कशाला येतात?"

"गाढवं फिरतात तिथे," आजी म्हणाली.

"गाढव बूट घालत नाही."

"हे गाढव घालतं. जा, हात धुऊन ये."

त्या संध्याकाळी आजीने झाडाची डहाळी तोडून पिंपाभोवतीची जमीन साफ झाडली. दुसऱ्या दिवशी वर्गात केशियाने जाहीर केलं, "आजीच्या मागे कोणीतरी पावलं पुसलीत. डावखुऱ्या माणसाने." एका पोराने आजीच्या हाताकडे पाहिलं. आजीने डाव्या हातातला चहाचा पेला उजव्या हातात घेतला आणि त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

इकडे डेन्झिलने माणसं जमवली. नेव्हिल त्याच्या बाजूला, पोरांमुळे ज्यांचा चोरून चाललेला पत्त्यांचा डाव उघडा पडला त्या बायका त्याच्या बाजूला. सभा बोलावली गेली. वस्तीचा अध्यक्ष कोण, तर क्लिफ्टन. सभेला सासू हजर, म्हणून अध्यक्ष आपल्या गाडीच्या पलीकडे, सगळ्यांकडे पाठ करून बसले. आजी झाडाखाली, गाडीकडे पाठ करून. मधे लेव्हिना, जाऊन येऊन घामाघूम.

"तो म्हणतोय, तक्रार काय आहे ते सांगा."

"पोरं काहीही बोलतात!" डेन्झिल म्हणाला. "ह्या वयात काय कळतं पावलांतलं? मावशी शिकवते आणि पोरं मनाला येईल ते ठोकून देतात. माझ्याबद्दल बोलली ते साफ खोटं!"

"तुझ्याबद्दलचं खरं होतं," त्याची आई म्हणाली.

"हे सगळे मिळून तुमचं काम काढून घेतील," ब्रॉनविन आजीच्या कानात म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "बोला ना काहीतरी."

दुकानापुढचा तो बाक आजीच्या डोळ्यांपुढे आला. बाकावर ऊन दुपारपर्यंत हलत नाही आणि कोणी 'आजी' म्हणून हाक मारत नाही.

"परीक्षा घ्या," डेन्झिल म्हणाला. "पोरांनी बरोबर सांगितलं तर मी गप्प बसतो. चुकलं तर खेळ बंद. जागा अशी हवी की जिथे कोण येतं-जातं ते पोरांनी पाहिलेलं नाही. मावशीच्या मागच्या अंगणात चला. तिथे कुत्री कोणाला फिरकू देत नाहीत, आणि आत्ता ती इथेच आहेत."

आजीचा पाय जमिनीत रुतला. आदल्या दिवशी शिकार झाली होती, आणि सभेच्या घाईत सकाळी झाडायचं राहिलं होतं.

लेव्हिना गाडीपलीकडे जाऊन आली. ती ओठ चावत होती. "तो म्हणतोय, ठीक आहे. परीक्षा होऊ दे. तो इथेच थांबतो."

सगळी सभा आजीच्या मागच्या अंगणात गेली. पिंपावर शेपटी होती, गोणपाटाखाली, पण टोक बाहेर. आणि ओढ्याकडून पिंपापर्यंत आणि पिंपापासून परत ओढ्यापर्यंत बुटांची पावलं, डावा पाय जरा ओढलेला. क्लिफ्टन तरुणपणी घोड्यावरून पडला होता, आणि तेव्हापासून सगळ्या युलतारीत तसा पाय ओढणारा तो एकटाच. शहरातल्या ब्रॉनविनला सोडलं, तर तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने ती पावलं एका नजरेत वाचली. डेन्झिलनेही वाचली. त्याचं तोंड उघडंच राहिलं. आणि मग मोठी माणसं जे करतात ते सगळ्यांनी केलं: कोणी आभाळाकडे बघू लागलं, कोणी बुटाची नाडी बांधू लागलं.

"सांग केशिया," लेव्हिना हळूच म्हणाली. "कोणाची पावलं?"

केशियाने पावलांकडे पाहिलं. मग आजीकडे पाहिलं. आजीच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. पण चार वर्षांची पोर ते वाचू शकत होती.

"गाढवाची," केशिया म्हणाली.

डेन्झिलसुद्धा आभाळाकडे बघू लागला. अजून एक क्षण आजी गप्प बसली असती, तर तिची अब्रू राहिली असती, शेपट्याही राहिल्या असत्या. खेळ गेला असता, एवढंच. पण तिच्यातली शिक्षिका उसळली.

"गाढवाची?" ती कडाडली. "हे शिकवलं का मी तुला? गाढवाला टाच असते? बुटाच्या टाचेची खाच दिसत नाही? डावा पाय ओढलाय तो दिसत नाही? सगळ्या वस्तीपुढे माझं नाक कापतेस!"

"तूच म्हणालीस गाढव!" केशिया रडवेली झाली.

"मी खोटं बोलले! मी म्हातारी आहे, मला बोलता येतं. तू पाऊल वाच! नीट वाच!"

केशियाने नाक पुसलं आणि ती मातीवर वाकली. "बाबा आले ओढ्याकडून. जड होतं काहीतरी, टाचा खोल आहेत. पिंपापाशी थांबले. परत जाताना हलके. मग आजी आली अनवाणी. गोणपाट उचलून बघितलं, परत टाकलं." ती थोडी पुढे सरकली. "ही जुनी पावलं. ही पण बाबांची. ही पण. ही पण."

"पुरे," आजी म्हणाली. "तेवढं कोणी विचारलं नव्हतं." आणि मग लोकांकडे वळून, जणू चूक त्यांचीच असल्यासारखी, "ऐकलंत? एक चूक नाही. आता कोण म्हणतो पोरांना कळत नाही?"

"मावशी," डेन्झिलचा आवाज चिरकला, "म्हणजे मी एवढी वर्षं ज्या शेपट्या आणल्या…"

"चांगल्या होत्या. एक जरा करपली होती."

पहिली हसली डेन्झिलची आई. मग सगळ्या बायका. कुत्री भुंकू लागली. हा गोंधळ ऐकून गाडीपलीकडून अध्यक्षांनी बायकोला हाक मारली आणि लेव्हिनाने जाऊन सगळं सांगितलं. इकडे सगळे कान देऊन उभे राहिले. आधी काही ऐकू आलं नाही. मग गाडी हलायला लागली. क्लिफ्टन गाडीच्या चाकाला टेकून, तोंडात टोपी कोंबून हसत होता. त्याचा निर्णय लेव्हिनाने आणला: खेळ चालू राहील. आणि ज्याला पावलांची भीती वाटते त्याने उडायला शिकावं.

संध्याकाळी दुकानापुढे थांबून आजी मोठ्याने म्हणाली, "माझा जावई चांगला आहे. नेमाने मांस देतो." हे वाक्य तिने असं म्हटलं, जणू कोणी तिची दाढ उपटतंय. पण म्हटलं. शेपट्या एकाच घरून यायला लागल्या. डेन्झिल अजून रुसलेला आहे, आणि बूट आता उघडपणे घालून येतो.

भोगलं ते क्लिफ्टनने. नात्याने त्याची सासू म्हणजे एकटी एनिडआजी नव्हे. तिच्या बहिणी, चुलतबहिणी, सगळ्याच सासवा. आजवर त्यांना वाटत होतं, सख्ख्या सासूलाच देत नाही तर आपल्याला काय देणार! आता त्या रोज लेव्हिनाकडे निरोप ठेवू लागल्या. "इतका गुणी जावई! आणि आम्ही काय दगड आहोत?" क्लिफ्टन दर पहाटे शिकारीला निघू लागला आणि तरी पुरेना. महिन्याभरात गडी वाळला.

शेवटी एका दुपारी लेव्हिना बालवाडीच्या फाटकाशी आली. आत आजी मातीत बसून पोरांना सरड्याचं शेपूट ओढल्याची खूण दाखवत होती.

"आई, तो विचारतोय, तू त्याला पुन्हा पहिल्यासारख्या शिव्या देशील का? दुकानापुढे, मोठ्याने. तो म्हणतोय, त्याच परवडत होत्या."

आजीने वर पाहिलंसुद्धा नाही. "सांग त्याला, आता जमणार नाही. पोरं ऐकतात."