रुमालाखालचा सौदा

गफूरचाचा भाव कधी तोंडानं बोलत नसत. हळदीची दलाली करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सौदा करताना ते खांद्यावरचा रुमाल समोरच्याच्या हातावर टाकत आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवत. पाहणाऱ्याला काही कळत नसे. त्यांचा तळवा बारा महिने पिवळा असायचा.

पैशांचं नियोजन करायला माणूस नेमावा का, असं तुम्ही दोघांनी पत्रात विचारलंत. वसमतला हाच प्रश्न माझ्यापुढेही आला होता. तुमचे आजोबा नुकतेच गेले होते. विम्याची रक्कम आली होती, तुमची आई चौथीत होती आणि मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझे दीर नांदेडहून एका सल्लागारांना घेऊन आले. पैसे कुठे गुंतवायचे ते हे गृहस्थ ठरवणार होते आणि त्याचा मोबदला घेणार होते. मी शेजारच्या गफूरचाचांना बोलावून घेतलं.

सल्लागारांनी वही उघडून दिरांना विचारलं, "रक्कम किती आहे?"

"त्यायच्याकडं काहून बघून राहिले, साहेब?" चाचा म्हणाले. "पैसा बाईचा हाय. तिला काय पायजे ते तर इचारा."

"तिला काय कळतंय त्यातलं!" दीर हसले. "पोरीचं लग्न करायचं, दुसरं काय?"

मी खाली मान घातली. मोठ्या दिरांसमोर उलट बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. चाचांनी रुमाल काढून माझ्या हातावर टाकला.

"जितके वर्सं पोरीला शिकवायचंय तितके बोटं दाब, बेटी. हितं कुणाला दिसत न्हाई."

"चाचा, हा काय हळदीचा बाजार आहे?" दीर म्हणाले.

"न्हाई ना. हळदीला मी इतका येळ देत न्हाई."

मी पाची बोटं तीनदा दाबली. पहिलीपासून पंधरा वर्षं, म्हणजे पदवीपर्यंत. चाचांनी उलट आणखी दोन बोटं दाबली. सौदा चढवायची त्यांची जन्माची सवय! दोन वर्षं वाढली तर डॉक्टरकी होते, हे त्यांना ठाऊक होतं.

"बराबर," ते सल्लागारांना म्हणाले. "बाईचं ठरलंय. आज तुमचं काम न्हाई."

रक्कम तुमच्या आईच्या नावानं पोस्टात गेली. दीर वर्षभर आमच्याकडे आले नाहीत. एकटीनं पैसे सांभाळायला मी घाबरले तेव्हा चाचा म्हणाले, "माणूस ठेवूच नको आसं न्हाई म्हणत मी. रकमेच्या आधी तुझं मन इचारंल त्याला खुशाल ठेव." तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे.

तुमची आई दहावीत असताना चाचांची वाचा गेली. मी भेटायला गेले तेव्हा त्यांचा तळवा पांढराफटक पडला होता. मीच उशाचा रुमाल घेतला, त्यांच्या हातावर टाकला आणि झालेल्या वर्षांची दहा बोटं दाबली. मग एकेक करून त्यांनी सात बोटं दाबली.

त्याच आठवड्यात ते गेले. तुमच्या आईच्या शिक्षणाचं सतरावं वर्ष पुरं झालं, त्या दिवशी मी पेढे घेऊन त्यांच्या ओट्यापर्यंत गेले आणि पदराखाली स्वतःचाच हात धरून नुसतीच बसून राहिले.