ओवाळणीतला इन्व्हर्टर

निनाद, ईशा,

तुम्ही व्हॅनमध्ये घर थाटताय, त्यात घरातलाच फ्रिज बसवणार, आणि "आजी, इन्व्हर्टर कोणता घेऊ?" असं विचारलंत. म्हणून हे आता लिहिते, एरवी लिहिलं नसतं. लातूरच्या क्लासमध्ये मी वर्षानुवर्षं फिजिक्स शिकवलं. अमानवीय वगैरेवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही.

भूकंपानंतर तुमचे आजोबा स्लॅबखाली झोपेनात. वर्षं गेली, तरी नाही. शेवटी जुनी मॅटाडोर घेऊन अंगणात उभी केली, आत पलंग टाकला. पुढे त्यांना इन्सुलिन सुरू झालं, म्हणून फ्रिजही गाडीत चढवला.

इन्व्हर्टर मी हिशेबाने निवडला. फ्रिज चालताना दीडशे वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. तो झटका पेलणारा आणि घरच्या विजेसारखी साइन वेव्ह देणारा हवा. हे सगळं कागदावर लिहून दत्ताला दिलं. दत्ता माझा धाकटा भाऊ, नांदेडला त्याचं इन्व्हर्टरचंच दुकान. भाऊबीजेला त्याने तेच मॉडेल ओवाळणी म्हणून आणलं. भावाची ओवाळणी तपासायची नसते... मी मीटरसुद्धा लावला नाही. वर्गात मात्र रोज सांगायची — आधी मोजा!

मे महिन्यात आम्ही देगलूरला नणंदेकडे निघालो. मुखेड सोडलं आणि जळका वास आला. देगलूरला रशीदभाई मेकॅनिकने भर दुपारी इन्व्हर्टर काढून ओट्यावर ठेवला, झाकण उघडलं.

"बाई, कुणी दिला हो ह्यो? खोका मोठ्याचा अन् आतला माल लहान. त्योबी जुना. ह्यानं तुमचा फ्रिज एकदाबी सुरू झाला नसता."

"अहो, सहा महिने चालतोय."

ते हसले. मग थांबले. "बाई... आता कशावर चालून राहिला?"

फ्रिजचा प्लग माझ्या हातात होता, आणि कॉम्प्रेसर घुमत होता. मागे हात लावला — गरम, थरथरता. दार उघडलं तर दिवा लागला. दुसरी वायर नव्हती; मी गाडीखाली वाकूनही पाहिलं.

"दार लाव आधी," आजोबा म्हणाले, "माझं औषध आहे त्यात."

रशीदभाई दुसरा इन्व्हर्टर घेऊन येईपर्यंत तासभर फ्रिज तसाच चालला. प्लग त्यांच्या हातात दिला, तेव्हा थांबला.

मी दत्ताला फोन लावला.

"ताई, सहा महिने चालला ना? मग?"

"तुझ्या दाजींचं इन्सुलिन होतं रे त्यात. तुला ठाऊक होतं."

त्याने दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "मला वाटलं, ओवाळणी आहे... तू उघडणार नाहीस."

तुम्ही उघडून घ्या. कोणीही दिला तरी.

फ्रिज कसा चालला, याचा हिशेब मी कितीदा तरी मांडला, जुळला नाही. दत्ताने असं का केलं, हे मी पुन्हा विचारलं नाही. आजोबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. दत्ता आणि मी लग्नकार्यात भेटतो, एकमेकांची तब्येत विचारतो. तेवढं अजून आहे.