चुना टाकण्याआधीचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नाला वाचवायला निघालेल्या आमच्या गटात तर नाहीच — तिथे इतरांना खोटारडे म्हणायचं काम माझ्याकडे असतं.

मुलुंडच्या आमच्या नाल्यावर फेस यायचा. माझा संशय पहिल्यापासून एकाच गाळ्यावर. कारखान्यांचे तुंबलेले स्टीलचे फिल्टर तिथे यायचे, आधी कॉस्टिकमध्ये, मग अ‍ॅसिडमध्ये बुडायचे, की पाणी पुन्हा त्यांतून सरसर जायचं. झकास. पण वापरलेलं अ‍ॅसिड कुठे जायचं?

तिथे काम करणारा नितीन आमच्याच चाळीतला, शाळेपासूनचा दोस्त. म्हणाला, "उगाच पत्रकं काय काढतेस? ये ना, स्वतः बघ. फक्त शेटला कळू देऊ नकोस हां, वाट लागेल माझी."

जाताना मी गाळ्याच्या पाइपापाशी नाल्यात तपासणीची पट्टी बुडवली, अ‍ॅसिड असलं की लाल होणारी. रंग बदलला नाही. पटलं मला? छे! मी येणार हे कळलं असणार, म्हणून आज बंद ठेवलंय — दुसरं काय? आत नितीनने वापरलेल्या अ‍ॅसिडचं पिंप दाखवलं. म्हणाला, यात चुना टाकून अ‍ॅसिड मारतो, पट्टी लावून बघतो, मगच नाल्यात सोडतो. त्याचं ते शांत बोलणंसुद्धा मला पढवल्यासारखं वाटलं.

तो चुन्याची गोण आणायला वळला. तहान लागली म्हणून त्यानेच दिलेली पाण्याची बाटली माझ्या हातात होती. मी ती ओतून टाकली. आणि — भरली. पिंपातून.

सभेत "हे नाल्याचं पाणी" म्हणून मी ती उंच धरली. पट्टी लालभडक. लोक उसळले. मागे नितीन उभा होता. स्वतःच्या घरातली बाटली कोण ओळखत नाही?

गाळ्याला टाळं लागलं. मला आत कुणी घेतलं हे गाळ्यातल्या पोरांनी शोधलं, आणि नितीन फितूर ठरला. आसपासच्या कुठल्याच गाळ्यात त्याला काम मिळेना. बाटली त्याची आणि पाणी पिंपातलं, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. तेव्हाही मला वाटलं — गप्प का हा? काय शिजतंय?

काही शिजत नव्हतं. फेस आजही येतो.

नंतर एकदा जिन्यात भेटला. म्हणाला, "बाटली दे गं परत. आईची आहे."

"पुरावा आहे तो," मी म्हणाले. त्यालाच.