सर्व्हरवरचं कुंकू

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. सगळेच असं म्हणतात, मला माहीत आहे. पण माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. तेव्हापासून आमच्याकडे देव नाहीत, त्यामुळे भुतंही नाहीत. कुंकवाचा करंडासुद्धा नाही, आईची टिकलीही पाकिटातली. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

तर... वाघोलीच्या पुढे आमचं डेटा सेंटरचं काम चालू आहे, एआयसाठी. मी कूलिंगचा इंजिनिअर, काँट्रॅक्टवर. म्हणजे माझ्या सोसायटीला टँकरशिवाय पाणी नाही, आणि मी दिवसभर मशीनना गार पाणी पाजतो. असो. पहिला हॉल तयार होता. क्लायंटची माणसं येऊन हवेतली धूळ मोजणार, सही करणार, की मी पर्मनंट. सही नाही झाली तर माझ्या हातात नारळ.

त्या हॉलची शिस्त काय विचारता! बुटांवर पिशव्या, अंगात कोट, खिशात शेंगदाणासुद्धा चालत नाही. आणि खंडेनवमीला आमचे मॅनेजर ढमाले साहेब पूजेचं ताट घेऊन थेट आत!

"अहो साहेब, बाहेर जनरेटरला घाला ना काय हार घालायचे ते. आत कुंकू कशाला? भुकटी असते ती!"

"गायकवाड, हत्यारांची पूजा आहे. एवढं मोठं हत्यार काय असंच ठेवायचं?"

लावलं. सर्व्हरच्या पहिल्या कपाटाच्या दारावर हळद, ओलं कुंकू, वर चिकटवलेल्या अक्षता. मी कपाळाला हात लावला आणि ते गेल्यावर स्पिरिटने पुसून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंकू जागच्या जागी! मला वाटलं, ढमालेच. पण ते म्हणाले, "आईशप्पत, मी नाही." पुन्हा पुसलं, जेवून आलो, तर पुन्हा तेच. ओलं. अक्षतांसकट. दार कार्डाशिवाय उघडत नाही, आणि सिस्टीमच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी आत गेलेलं कार्ड एकच – माझं!

कॅमेरा बघितला. रिकामा हॉल, स्वच्छ दार... स्वच्छ दार... आणि एकदम कुंकू. मध्ये चिटपाखरू नाही. सिक्युरिटीवाला म्हणतो, "सर, कॅमेरा हँग झाला असेल." वा! इथून जगाला अक्कल पुरवायची, आणि कॅमेरा हँग!

ढमाले साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "गायकवाड, माणसाला श्रद्धा असावी हो. पण तपासणीच्या तोंडावर?"

हसावं की रडावं कळेना. "साहेब, मी? आमच्या घरात तीन पिढ्या कुणी कशाला कुंकू लावलेलं नाही!"

"मग कार्ड तुमचंच कसं? धूळ सापडली तर रिपोर्टमध्ये तुमचं नाव जाईल, सांगून ठेवतो."

माझं कार्ड बंद. आत जायचं ते फक्त ढमाल्यांनी. मी बाहेर बसून चहा पीत राहिलो. आणि कुंकू? चालूच! आता सिस्टीम सांगायला लागली, आत गेलेलं कार्ड एकच – ढमाले. साहेबांचा चेहरा पडला. माझं कार्ड चालू झालं. सॉरी वगैरे म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही.

तपासणीच्या सकाळी पुन्हा कुंकू. क्लायंटच्या गाड्या गेटवर आलेल्या, मी पुसतोय, ढमाले मागे उभे राहून घाम पुसतायत. माझं डोकंच फिरलं. मी त्या लोखंडी कपाटाला मोठ्यांदा म्हणालो, "हे बघा, कोण असाल ते असा. मी तुम्हाला मानत नाही. पण माझी नोकरी जाईल हो! आता बास करा."

आणि बास झालं. धूळ मोजली, सही झाली, मी पर्मनंट झालो. ते कुंकू आजपर्यंत पुन्हा उमटलेलं नाही.

घरी आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती, थांबली.

"हात जोडलेस?"

"नाही."

"फुलं-बिलं?"

"नाही गं."

"मग ठीक आहे. बोलायला काय, मी कुकरशीसुद्धा बोलते."

ऑफिसात एकाने शोध लावला की दमटपणामुळे रंगात मुरलेलं कुंकू वर येत असणार. कूलिंगचा माणूस मी आहे, दमटपणाचं मला शिकवू नका. आणि दमटपणाने अक्षता उगवतात का हो?

आता दुसरा हॉल तयार होतोय. परवा ढमाल्यांचा फोन. "गायकवाड, इकडचा पंप चालूच होत नाहीये. सगळं तपासून झालं. जरा येऊन... बोलता का?"

आजोबांनी देव सोडले आणि नातू डेटा सेंटरचा पुजारी झाला! संताप संताप झाला. तरी गेलो, चार शब्द सुनावले. पंप चालू झाला. का झाला, विचारू नका, मला माहीत नाही.

हात मात्र मी अजून जोडलेले नाहीत.