देवाला ओवाळलेलं ॲसिड

आधी एक कबूल करा, हे कारखान्यात कुणाला सांगायचं नाही. सांगितलंत तरी काय म्हणा, तिथं सगळ्यांना तोंडपाठ आहे. तुम्हीच तेवढे राहिलात.

आमच्या साखर कारखान्याच्या ल्याबमध्ये नवं कॅलरीमीटर आलं. उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, जाळल्यावर किती उष्णता देतो ते हे यंत्र सांगतं. पण यंत्र खरं बोलतंय का, ते आधी तपासावं लागतं. त्यासाठी बेन्झोइक ॲसिडची गोळी येते. तिची उष्णता ठरलेली असते. ती पोलादी भांड्यात जाळायची, भोवतीचं पाणी किती तापलं ते बघायचं आणि आकडा जुळवायचा.

ही परीक्षा बघायला पुण्याहून तपासनीस आले होते. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, "चव्हाण, आज नीट पार पडलं की ल्याबचे इनचार्ज तुम्ही." बायकोनं सकाळीच अर्ध्या गल्लीला सांगून टाकलं होतं.

एवढ्यात बॉयलरचे फोरमन अण्णा आले, मुरगूडचे. हातात नारळ.

"पूजा न करता मशीन चालू करताय व्हय?"

"अण्णा, हे शास्त्र आहे. हळदीकुंकवानं आकडे सुधारत नाहीत."

"बिघडत बी न्हाईत की."

साहेब म्हणाले, करून टाका. मग मीच चिडून ताट लावलं. गोळ्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको, म्हणून कापूरही मीच काढला आणि यंत्राच्या गोळ्याही मीच. स्टीलच्या दोन वाट्या, दोन्हींत पांढऱ्या गोल वड्या; एक ठेवली ताटात, दुसरी यंत्राजवळ. अण्णांनी धूप एवढा घातला होता की कुणाला कसला वास येणार?

आरती सुरू झाली, पण कापूर पेटेना. अण्णांनी काड्यांवर काड्या ओढल्या. शेवटी वडी वितळली, काजळी धरली आणि धूर असा घशात गेला की साहेबांसकट सगळे ठसकायला लागले.

"कापूर भेसळीचा हाय," अण्णा म्हणाले.

"कापूर नाही, श्रद्धा भेसळीची आहे," मी म्हणालो. तपासनीस हसले. मी फुगलो.

मग ऐटीत यंत्राकडं वळलो. वजन घेतलं, ऑक्सिजन भरला, बटण दाबलं. पाणी तापायला लागलं. तापतच राहिलं. जुळायच्या आकड्याच्या दीडपट पुढं गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

आता शहाण्या माणसानं गप्प बसावं की नाही? मी कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तोही स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"भंगार विकता काय हो? कोल्हापूरकरांना येडं समजलात?"

"सर, गोळी कुठली वापरली?"

"मला शिकवू नका. तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी गोळ्या जाळतोय."

माझ्या सहकारी शबाना मॅडम यंत्राजवळच्या वाटीवर वाकल्या. धूप एव्हाना विरला होता. त्यांनी वाटी हुंगली आणि माझ्याकडं बघितलं.

"सर, फोन ठेवा आधी. ह्यो कापूर हाय."

फोन मी ठेवलाच नव्हता. त्यातून इंजिनिअर म्हणाला, "सर, तिकडं पूजा चाललीय का?"

अण्णांनी ताटातलं काळं ढेकूळ बोटानं टोकरलं. "म्हंजे आमी देवाला ॲसिडनं ओवाळलं व्हय?"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं हो मला. ती काही घेईना, म्हणून मी कोपऱ्यात उभा राहिलो. खरी गोळी घालून यंत्र मॅडमनी चालवलं. आकडा पहिल्याच फटक्यात जुळला. तपासनीस खूश झाले, त्यांनी मॅडमशी हात मिळवला, माझ्याशी नाही.

साहेबांनी तिथंच निकाल लावला. "ल्याबच्या इनचार्ज मॅडम. चव्हाण, तुम्ही आजपासून पूजेचे इनचार्ज."

तेव्हापासून खंडेनवमीला ताट माझ्याकडं असतं. आरतीआधी मी ते मॅडमपुढं धरतो. त्या वाटी हुंगतात, मान हलवतात, आणि मगच अण्णा माझ्या हातात काडीपेटी देतात.